बाप्तिस्मा एक, प्रश्न अनेक : पंडिता रमाबाईंची कहाणी

मैत्रिणींनो, रमाबाई हे नाव घेतलं की आपल्यासमोर तिघी जणी उभ्या राहतात. एक न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, दुसरी बाबासाहेबांची रमाई आणि तिसऱ्या पंडिता रमाबाई. पहिल्या दोघींवर महिला मंडळांत, शाळांत भाषणं होतात. तिसऱ्या रमाबाईंबद्दल विचारलं तर बहुतेकींकडून एवढंच ऐकायला मिळतं की त्या फार शिकलेल्या होत्या, पण नंतर ख्रिश्चन झाल्या. या ‘पण’पाशी गाडी थांबते. त्या ख्रिश्चन झाल्या म्हणजे नेमकं काय झालं, कधी झालं, त्यांनी त्यासाठी काय सोसलं आणि पुढे त्याच ख्रिस्ती मंडळींशी त्या कशा भांडल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. आज मला तेच सांगायचं आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथे त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळात त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनंच रमाबाईंना शिकवलं. घरची सगळी माणसं तीर्थक्षेत्री पायी फिरायची, देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायची आणि मिळेल त्यावर पोट भरायचं. मग दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण गेली. राहिली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. भुकेनं माणूस कसा मरतो हे त्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. दुष्काळ काय असतो हे आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायांना वेगळं सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळातल्या खडीफोडीच्या आठवणी अजून आपल्या घरांत निघतात.

दोघं बहीणभाऊ चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच कलकत्त्यात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. ती माणसं खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेली बघून, हे लोक खुर्चीची पूजा करतात की काय, असं त्यांना वाटलं! तिथेच त्यांना संस्कृतमधलं बायबल मिळालं. पण त्या वेळी ते त्यांच्या मनात काही उतरलं नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामकडच्या सिल्चरला सुरू झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. संसार दोन वर्षांचाही झाला नाही. हातात दहा महिन्यांचं लेकरू.

बाप्तिस्म्याची गोष्ट सुरू होते ती या सिल्चरच्या घरातच. नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. गावात ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी होते, ते येऊन समजावून सांगायचे. रमाबाईंना ते आवडू लागलं. पण नवरा स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेला असूनही बिथरला. वाचायला त्याची हरकत नव्हती. बायकोनं चारचौघांत बाप्तिस्मा घेऊन त्या समाजात जावं हे त्याला चालणार नव्हतं. इथे एक मेख आहे बघा. घरात बायबल वाचलं तर कुणाचं काही बिघडत नाही, देव्हाऱ्याशेजारी येशूचा फोटो लावला तरी शेजारीपाजारी फारसं बोलत नाहीत. पण डोक्यावर ते पाणी पडलं की माणूस इकडचा तिकडे झाला असं सगळे धरतात. म्हणून तर त्या पाण्याला एवढं महत्त्व.

बाप्तिस्मा म्हणजे काय, हे आपल्या नेहमीच्या शब्दांत सांगायचं तर पाण्यानं केलेला ख्रिस्ती दीक्षाविधी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं तो होतो. स्वतः येशूनं यार्देन नदीत योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, तिथून ही रीत आली. पण सगळ्या ख्रिस्ती मंडळींत तो सारखा होतो असं नाही. कॅथलिक लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात. कपाळावर तीनदा पाणी ओततात, धर्ममाता-धर्मपिता बाळाच्या वतीनं कबुली देतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथातही तसंच. मूल कळतं झालं की बिशप डोक्यावर हात ठेवून त्याचं दृढीकरण करतात. मेथडिस्ट आणि आपल्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ज्यांनी मोठं काम केलं ते अमेरिकन मराठी मिशन, हेही बाळांना बाप्तिस्मा देणारे. दवाखान्यात आपल्याला केरळच्या नर्स भेटतात. त्यांच्यातल्या ऑर्थोडॉक्स घरांत बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच पवित्र तेल लावून टाकतात, दृढीकरणासाठी थांबत नाहीत. याच्या अगदी उलट बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेन्टेकॉस्टल मंडळी. त्यांचं म्हणणं, बाळाला काय कळतं? माणसानं स्वतः विश्वास ठेवावा, मग नदीत, तळ्यात नाहीतर हौदात पूर्ण बुडून वर यावं. बुडणं म्हणजे जुन्या आयुष्याचं मरण आणि वर येणं म्हणजे नवा जन्म. आणि मुक्तिफौज तर बाप्तिस्मा करतच नाही! त्यांच्याकडे झेंड्याखाली उभं राहून शपथ घेतात. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली. तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी देणारे असे दोन्हीकडचे लोक तिच्यात आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. बचत गटाच्या कामात माझ्याकडे एक मुलगी आली होती. तिचा बाप्तिस्मा पाळण्यातली असतानाच झालेला. लग्न ठरलं ते दुसऱ्या मंडळीच्या मुलाशी. तिकडच्यांचं म्हणणं, लहानपणचा तो बाप्तिस्मा खरा नाही, पुन्हा पाण्यात उतरावं लागेल. तिच्या आईला वाटलं, आपण लेकराला दिलेलं काही जणू खोटं ठरतंय. मुलगी मधल्यामध्ये रडकुंडीला आलेली. आईचं मन मोडायचं नाही आणि सासरही दुखवायचं नाही. तिला स्वतःला काय वाटतं हे मात्र दोन्ही घरांत कुणी विचारलं नव्हतं. तिच्याशी बोलताना मला रमाबाई आठवल्या. कारण रमाबाईंचं सगळं आयुष्य याच प्रश्नानं भरलेलं आहे.

नवरा गेल्यावर रमाबाई १८८२ मध्ये पुण्याला आल्या. १ जूनला त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, बायकांना शिकवायला बाया शिक्षक आणि बाया डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. इथेच त्यांची गाठ फादर नीलकंठशास्त्री गोरे आणि सेंट मेरी या अँग्लिकन संघाच्या सिस्टरांशी पडली. डॉक्टर व्हायचं मनात धरून १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. धर्म बदलायचा नाही असं जाताना पक्कं होतं.

तिथे वाँटेज या गावी सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. कानांना कमी ऐकू येत असल्यानं डॉक्टरकीचा रस्ता बंद झाला. लंडनजवळच्या फुलहॅमला सिस्टरांनी वाट चुकलेल्या बायांसाठी घर चालवलं होतं, ते त्यांनी पाहिलं. जिला समाजानं टाकून दिलं, तिला हाताला धरून पुन्हा उभं करणारी माणसं त्यांना तिथे दिसली. मग शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. पाच नवरे झालेली, विहिरीवर एकटीच पाण्याला येणारी ती बाई, आणि तिच्याशी येशू मानानं बोलतो. रमाबाई तिथे हलल्या. आपल्या शास्त्रांत बाईला स्वतःच्या पायानं मोक्षाला जायची वाट दिसत नाही आणि इथे ती दिसते, असं त्यांना वाटलं.

पण हे सगळं सुखासुखी झालं नाही. मैत्रीण आनंदीबाई आपल्याला बळजबरीनं बाटवतील या भीतीनं पार पोखरून गेली होती, असं मॅक्सम्युलर यांनी लिहून ठेवलं आहे. तिनं वाँटेजमध्येच आपला जीव दिला. परक्या देशात, बरोबर आलेली एकुलती एक मैत्रीण अशी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं नाव ठेवलं मेरी रमा. त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला.

म्हणजे बघा, एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये दोन बाप्तिस्मे. आईचा विचार करून, पुरता झगडून घेतलेला. लेकीचा तिला काही न विचारता झालेला. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. स्वतःच्या मनानं चालणारी ही बाई लेकीच्या बाबतीत मात्र तुमच्याआमच्यासारखी आईच निघाली. जे मला चांगलं वाटलं ते माझ्या लेकराला मिळावं, हीच तिची भावना असणार. बारशाला, जावळाला, मुंजीला आपण तरी लेकराला कुठे विचारतो?

इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच टीकेची झोड उठवली. जोतिराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’ अंकांत रमाबाईंची बाजू घेतली.

आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती झाल्या, सिस्टरांमध्ये रमल्या, संपलं. इथून तर खरी गोष्ट सुरू होते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. प्रेम एवढं की मायलेकी तिला आजीबाई म्हणायच्या. पण या आजीबाईशी रमाबाईंचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पिता-पुत्र-आत्मा हे एकात तीन कसे, हे बायबलात दाखवा, असं त्या म्हणायच्या. बिशप लोकांनी त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची मनाई केली तेव्हा त्या संतापल्या. त्यांनी अंडी-मांस खाल्लं नाही. मनोरमेला कोणी काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले. सिस्टरांना वाटे, आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणजे आमचं सगळं मानलं पाहिजे. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले, कुणा एका पंथाच्या मालकीची झाले नाही. एका पुरोहितशाहीतून निघाले ती दुसरीत जाण्यासाठी नव्हे, असा त्यांचा सगळा सूर होता. राज्य इंग्रजांचं, धर्म इंग्रजांचा, राहायला घर त्यांचं, आणि ही एकटी विधवा बाई त्यांच्यासमोर उभी राहून माझं मन माझं आहे म्हणते. याला किती धीर लागला असेल!

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्याला त्या हजर होत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू बाईच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, मदत गोळा केली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडलं. दीड वर्षानं ते पुण्याला नेलं. इथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, याच शारदा सदनात शिकल्या आणि हिंदूच राहिल्या.

पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. ‘केसरी’नं टीका केली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचं ऐकलं तर दोन्हींत तथ्य वाटतं. मुलीनं स्वतःहून प्रार्थनेला बसायचं ठरवलं तर तिला अडवायचं का? आणि जिला दुसरं घरच नाही, ती आश्रय देणाऱ्या बाईचा धर्म पाहून तिच्यामागे गेली, तर तिचं मन खरंच मोकळं होतं असं म्हणायचं का? आजही वसतिगृहं, आश्रम चालवणाऱ्या सगळ्यांनी, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा असं मला वाटतं.

या सगळ्याच्या मध्ये रमाबाईंच्या आत वेगळंच काही चाललं होतं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, तेव्हा १८९१ च्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचलं. हा माणूस पाद्री असूनही त्याला स्वतःलाच उशिरा देव भेटला होता. ते वाचून रमाबाईंना वाटलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी हे मोकळेपणानं मांडलं. पाणी आधी पडलं आणि शांती आठ वर्षांनी आली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईनं आईबाप भुकेनं मेलेले पाहिले, तिला घरात बसवेल का? त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे बायका-मुली घेऊन आल्या. पुण्याच्या पुढे दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीला कोयते निघतात, त्यातले कितीतरी याच भीमेकाठच्या उसाला जातात. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्याकडच्या मुली आल्या आणि मुक्तीत सुमारे दोन हजार जणी झाल्या. शाळा, हातमाग, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेलचं शिक्षण, फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन. एका विधवेनं हे सगळं गाव उभं केलं.

इथल्या मुली स्वतः विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा घेऊ लागल्या, तेव्हा त्या भीमा नदीवर गेल्या. बैलगाड्यांतून, पायी, रांगा लावून. वाँटेजच्या चर्चमधून सुरू झालेली वाट महाराष्ट्राच्या नदीवर आली. बाप्तिस्मा देणारे पाद्री मेथडिस्ट होते, मुक्ती मात्र कुठल्याच पंथाची नव्हती. रमाबाईंनी ती कुणालाही बांधून दिली नाही.

१९०५ च्या जूनअखेर मुक्तीत आणखी एक घडलं. प्रार्थना करता करता मुली रडू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणू लागल्या. ख्रिस्ती लोक याला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा म्हणतात. पाण्याचा नव्हे, आतला. मिनी अब्राम्स या तिथल्या अमेरिकन कार्यकर्तीनं त्यावर पुस्तक लिहिलं आणि केडगावचं नाव जगभर गेलं. काहीजणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या. पण असं बोललं तरच बाप्तिस्मा खरा, असा हट्ट मुक्तीत धरला गेला नाही.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला पंडिताची मदत न घेता वाचता यावं हा हेतू. अक्षरं जुळवणाऱ्याही मुक्तीतल्या मुलीच. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. न विचारता बाप्तिस्मा दिलेली ही लेक मोठी होऊन आईच्या कामाचा उजवा हात झाली होती. तिच्यामागे आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर आलं.

त्या माझ्याकडे आलेल्या मुलीला मी रमाबाईंची ही गोष्ट सांगितली, सल्ला मात्र दिला नाही. तो देणारी मी कोण? एवढंच म्हटलं की दोन्ही घरांना थोडं थांबायला सांग आणि आधी स्वतः वाच, स्वतः विचार कर.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी बाळपणी कपाळावर पाणी घेतलेल्या असाल, कुणी नदीत उतरलेल्या, कुणी दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या, कुणी रोज योगेश्वरीला हात जोडणाऱ्या. रीत कोणतीही असो, रमाबाईंनी ती घेताना आणि घेतल्यावरही प्रश्न विचारणं सोडलं नाही. आधी नवऱ्याला पटलं नाही, मग पुण्याला पटलं नाही, मग सिस्टरांना पटलं नाही. त्या सगळ्यांशी प्रेमानं वागल्या, पण आपल्या मनाची किल्ली त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. कधी पुणे-दौंड रस्त्यानं जाणं झालं तर केडगावला जरूर उतरा. मुक्ती मिशनचं काम तिथे अजून चालू आहे. लेकींनाही सोबत न्या, आणि त्या तिसऱ्या रमाबाईंची गोष्ट त्यांना पूर्ण सांगा, ‘पण’पाशी न थांबता.